तुम्ही विचारलंत म्हणून: मी भावाला हक्कसोड दिले का?

तालुका विधी सेवा समितीच्या शिबिरांत मुलींच्या वारसाहक्काविषयी मी बोलते, तेव्हा शेवटी 'काही शंका?' असे विचारल्यावर सहसा कोणीच हात वर करीत नाही. मंडप रिकामा होऊ लागला, की मात्र दोघी-तिघी जवळ येतात आणि आजूबाजूला पाहून विचारतात, "मॅडम, तुम्ही स्वतः भावाला हक्कसोड दिलंत का?" हक्कसोड म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त. ऑफिसात येणाऱ्या अशिलांचाही कागदपत्रे आवरता आवरता हाच प्रश्न असतो. कायदा त्यांच्या कानावर गेलेलाच असतो. कोर्टात उभी राहून बोलणारी बाई स्वतःच्या माहेरी काय करते, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही.

मी सही केलेली नाही, आणि वाटपही मागितलेले नाही. पहिले ऐकून काही जणी खूश होतात आणि दुसरे ऐकून हिरमुसतात. भावांच्या बाजूने आलेल्यांचे नेमके उलटे होते.

आमची वडिलोपार्जित जमीन सातारा जिल्ह्यात आहे, चार एकर, विहिरीवर भिजणारी. घरात आई-वडील, एक भाऊ, थोरली मी आणि धाकटी बहीण. माझे लग्न 1991 साली झाले, धाकटीचे 1997 साली, आणि वडील 2003 मध्ये गेले. या तीन सालांवर आमचे हिस्से किती अवलंबून होते, हे पाहिले म्हणजे कायदाही घरातल्या माणसांसारखाच कसा वागतो ते कळते. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सेदार केले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. म्हणजे वडील गेले तेव्हा धाकटी सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, होती आणि मी नव्हते. गावाकडच्या जुन्या हिशेबाने रुपयात सोळा आणे धरले, तर आईला, भावाला आणि धाकटीला पाच-पाच आणे येत होते आणि मला, वडिलांच्या वाट्यातला वाटा म्हणून, एक आणा. चार एकरांत एक आणा म्हणजे दहा गुंठे. एकाच आईच्या पोटच्या दोन मुलींत हा फरक केवळ लग्नाच्या मुहूर्ताने पडला होता. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली आणि न झालेली हा भेद काढून टाकला. पण त्या तारखेला वडील हयात असले पाहिजेत, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये लावला आणि मी पुन्हा बाहेर गेले. अखेर 11 ऑगस्ट 2020 च्या निकालाने, मुलीचा हक्क जन्माचा आहे, वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. त्या दिवशी मी एक आण्याची चार आण्यांची धनीण झाले. त्या दिवशीही मी नेहमीसारखी जेवणाचा डबा घेऊन कोर्टात गेले होते आणि हे मला एका ज्युनिअर वकिलाने मोबाइलवर दाखवले.

सही मागितली गेली ती मात्र 2004 मध्ये, माझा एकच आणा असताना. वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर आम्हा चौघांची नावे लागली होती आणि भावाला ती नकोशी होती. त्याने स्वतः मला काही विचारले नाही, आईने विचारले. भाऊबिजेला गेले असताना, ओवाळून झाल्यावर, आई म्हणाली, "तुला काय कमी आहे बाई? सही करून टाक, त्याच्या जिवाला घोर नको." आईचा राग करणे सोपे आहे, मला तो कधी आला नाही. तिचे पाच आणे कागदावर होते, पण जेवणाचे ताट, औषधाची बाटली आणि दवाखान्याची फेरी हे सगळे मुलाच्या हातात होते. जिला उरलेले आयुष्य ज्या घरात काढायचे आहे, ती त्या घरच्या कर्त्याच्या वतीनेच बोलणार. आपल्याकडे मुलीकडून सही मागण्याचे काम बहुतेक वेळा आईला करावे लागते, कारण भावाला नाही म्हणणारी बहीण आईला नाही म्हणताना चार वेळा विचार करते, हे घरात सर्वांना पक्के ठाऊक असते.

धाकटीने सही दिली. तिच्या लग्नासाठी भावाने कर्ज काढले होते, बाळंतपणे माहेरी झाली होती, आणि तिचे म्हणणे असे, की मला जे मिळायचे ते मिळाले. तिला स्वतःचा हिस्सा किती हे ठाऊक होते, कारण तो मीच तिला सांगितला होता. ते कळूनही तिने दिला. त्यात मला खोट काढता येत नाही, आणि शिबिरात माझी हकिकत ऐकून तिला कोणी भोळी म्हटले तर मी ते ऐकून घेत नाही.

मी तिच्याबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयात गेले होते. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेर बाकावर ओळख पटवणारे दोन साक्षीदार चहा पीत बसलेले असतात. आत टेबलावर अंगठ्याचे यंत्र आणि छोटा कॅमेरा असतो, बाई खुर्चीवर बसते, फोटोसाठी पदर सावरते, आणि कारकून विचारतो, "दस्त वाचलाय ना? मान्य आहे?" ती मान हलवते. दस्तात मजकूर असतो तो असा: अक्कलहुशारीने, राजीखुशीने, कोणाच्याही दाबदडपणास बळी न पडता, विनामोबदला. गेली कित्येक वर्षे हे शब्द मी स्वतः टाइप करून घेत आले आहे. ज्या बाईला भावाच्या गाडीतून पहाटे आणलेले असते, जिला जाताना साडी द्यायचे ठरलेले असते, आणि जिचा दस्त तिच्या हाती प्रथमच त्या बाकावर पडलेला असतो, तिच्या नावानेही हेच शब्द लिहिलेले असतात.

आता मी सही का केली नाही. मला त्या दहा गुंठ्यांची गरज नव्हती, हे आईचे म्हणणे खरे होते. पण 'तुला काय कमी आहे' हा प्रश्न घरात कोणी भावाला विचारला नव्हता. गावात 'तिनं हिस्सा मागितला' हे वाक्य शिवीसारखे वापरतात. 'त्यानं सही मागितली' असे कोणी म्हणतच नाही, कारण मागणे हे बहिणीचेच असते आणि भावाचे ते आपोआप असते, अशी सगळ्यांची समजूत आहे. घराची इभ्रत बहिणीने सांभाळायची आणि जमीन भावाने, ही वाटणी कोणी कधी कागदावर लिहिलेली नाही, पण तिची अंमलबजावणी सातबाऱ्यापेक्षा चोख होते. आणखी एक गोष्ट मी रोज पाहते. जे घर लेकीला 'सही कर, माहेर तुटेल' असे सांगते, तेच घर सुनेला 'तुझ्या बापाकडचं काय झालं?' असे विचारते, आणि या दोन्ही वाक्यांत कोणाला विसंगती दिसत नाही. नवरेही यात धुतल्या तांदळासारखे नसतात. बायकोच्या हक्काची अचानक आठवण होणारे कितीतरी नवरे माझ्यासमोर बसतात, विशेषतः रस्त्यासाठी भूसंपादनाची नोटीस निघाली की. बाई मध्ये बसलेली असते. एका बाजूला माहेरची माया, दुसऱ्या बाजूला संसार, आणि दोघांनाही तिची निष्ठा सहीच्या रूपात हवी असते. माझ्या नवऱ्याने एवढेच विचारले होते, की तू दावा लावणार असशील तर वकील कोण लावशील? मी म्हटले, लावणारच नाही.

कारण वाटपाचा दावा मी फार जवळून पाहिला आहे. दावा दाखल करणे महाग नाही. पण मोजणी येते, तहसील येते, अपील येते, आणि दरम्यान मूळ वादी वारली तर तिच्या मुलांची नावे लावावी लागतात. माझ्या भावाने ती जमीन कसली आहे, बांध घातले आहेत, विहीर खोल केली आहे. जिच्यावर माझा घाम पडलेला नाही, ती एक एकर तोडून घेऊन मी काय करणार होते? नाव मात्र वेगळी गोष्ट आहे. सहहिस्सेदाराचा ताबा कायदा सर्वांच्या वतीने धरतो, त्यामुळे भाऊ कसतो म्हणून माझा हिस्सा संपत नाही. माझ्या मते बहुतेक बहिणींसाठी ही मधली वाट सर्वांत शहाणपणाची आहे: नाव राहू द्यावे, जमीन भावाला कसू द्यावी, आणि वेळ आली तर बोलता येईल एवढी जागा ठेवावी. ज्यांचे घरच बसलेले नाही, ज्या टाकलेल्या किंवा विधवा आहेत, त्यांनी मात्र वाटपच मागावे. त्यांना मी मधली वाट सांगत नाही.

यामुळे माझ्या धंद्यावर परिणाम झाला का, असेही काही जण विचारतात. झाला. हक्कसोडाचा मसुदा करायला बहुधा भाऊच येतो, फीही तोच देतो, म्हणजे माझा अशील तो असतो आणि माझे इमान त्याच्याशी. म्हणून मी त्याला पहिल्याच दिवशी सांगते, की दस्त मी बहिणीला वाचून दाखवीन, हिस्सा किती ते आकड्यात सांगीन, आणि त्या वेळी तुम्ही बाहेर बसाल. यात त्याचेही हित आहे. समजून केलेला दस्त टिकतो, न वाचता घेतलेल्या अंगठ्यावर दहा वर्षांनी फसवणुकीचा दावा येतो. वडील हयात असताना त्यांच्या स्वकमाईच्या घरातला भावी हिस्सा सोडल्याचे लेकीकडून लिहून घ्यायला जे येतात, त्यांना असा कागद कायद्याने निरर्थक आहे एवढे सांगून परत पाठवते. निम्मे भाऊ ऐकतात. उरलेले समोरच्या ऑफिसात जातात आणि जाताना 'ही बाई घरं फोडते' असे सांगून जातात. वाचून दाखवल्यावरही बहुसंख्य बहिणी सही करतातच. फक्त तीन-चार जणी 'आठ दिवसांनी सांगते' म्हणाल्या आणि परत आल्या नाहीत.

भाऊ बोलतो का, हा प्रश्न शेवटी येतोच. दोन भाऊबिजा बोलला नाही. आईला त्या काळात मी तालुक्याच्या गावी आणून डॉक्टरांकडून तपासून घेत असे, आणि ती भावाला न सांगता येई. मग सोसायटीने त्याला बोलते केले. विकास सोसायटीचे पीककर्ज घ्यायचे, तर सामाईक सातबाऱ्यावरच्या इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते, आणि धाकटीचे नाव कमी झाले तरी माझे होतेच. पहिल्या वर्षी कागद त्याने गड्याच्या हाती पाठवला. मी तो सही न करता परत पाठवला आणि निरोप दिला, की ज्याला कर्ज हवे त्याने यावे. तो आला. तेव्हापासून दर मोसमाला येतो. माझ्या सहीवाचून त्याचे काम अडते हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही, आणि ते मला आवडत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. एकदा मी कर्जाची रक्कम विचारली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. गेल्या मोसमात त्याने रक्कम आपणहून सांगितली, विहिरीचे पाणी किती आहे ते सांगितले, आणि यंदा पूर्ण चार एकर ऊस करतो म्हणाला. एवढ्या पाण्यावर ऊस करू नये, निम्म्यात सोयाबीन घ्यावे, असे माझे मत होते. मी ते सांगितले, संमतीपत्रावर सही केली, आणि त्याने चारही एकरांत ऊसच लावला.