पाऊस कवाच थांबलाय

बेळगावच्या शहापुरात आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझं काम चालतं. वर पत्रा, भिंतींना जुन्या रजया. पोट भरतं ते गणपतीतल्या आणि लग्नातल्या साउंडवर. खोलीत चालतं ते जुन्या तबकड्या आणि कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून साफ करायचं काम. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेली नाट्यपदं, हरिपाठ, कुणाच्या आजीच्या ओव्या असा माल येतो. पियानो आजवर आला नव्हता.

जुलैत तो आला. कॅम्पातले एक निवृत्त सर, भौतिकशास्त्र शिकवायचे, छत्री झटकत आत आले आणि पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. पंचवीस-तीस ओळखीच्यांना घरी बोलावून आर्टुर श्नाबेलचा बीथोवन ऐकवायचा होता. बीथोवनचे सगळे 32 पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या रचना, पहिल्यांदा रेकॉर्ड करणारा हाच माणूस. 1932 ते 1935 मध्ये, लंडनच्या ॲबी रोडला. पेनड्राइव्हमध्ये शेवटचा सोनाटा, ओपस 111, तीन रूपांत होता: एका जुन्या सीडीवरचा, एका नव्या रिमास्टरवरचा, म्हणजे नव्याने साफ करून काढलेला, आणि एका संग्राहकाने स्वतः तबकड्या वाजवून उतरवलेला. वादन तिन्हीत तेच.

"कुठला लावू ते सांग. मला आता वरचे सूर कमी ऐकू येतात," सर म्हणाले.

आधी तिन्हींचा आवाज मीटरवर एका पातळीला आणला. नवा रिमास्टर चार डेसिबलने मोठा होता. हे केलं नाही तर पुढची सगळी परीक्षा फुकट, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. मग भाच्याला बसवलं. क, ख, ग अशा चिठ्ठ्या त्याच्याकडे, कुठली फाइल लावली हे त्यालाच ठाऊक. मी पाठमोरा.

'क' ऐकून झालं, 'ख' ऐकून झालं. 'ग' लागलं आणि पत्र्यावर पाऊस धरला. मी हात वर करून म्हटलं, "थांब जरा, पाऊस जाऊ दे." पाच मिनिटं गेली. सर चहा प्याले. पाऊस काही हटेना.

"मामा, पाऊस कवाच थांबलाय की," भाचा म्हणाला. "ही तुमची रेकॉर्ड वाजालीया."

सर खो खो हसले. तो संग्राहकाचा उतारा होता. लाखेच्या तबकडीत झिजू नये म्हणून दगडाची भुकटी घालत आणि एचएमव्हीच्या त्या काळच्या इंग्लिश तबकड्यांची खरखर तर प्रसिद्धच. खोबरं भाजल्यासारखी ती सतत चालते.

पहिल्या फेरीत मी 'ख'ला, म्हणजे नव्या रिमास्टरला, पहिला नंबर दिला. लपवण्यात अर्थ नाही. मागची शांतता इतकी स्वच्छ होती की पियानो काल वाजवल्यासारखा वाटला. 'क' म्हणजे जुनी सीडी, ती घोंगडं पांघरून वाजवल्यागत. खरखर झाकायला कुणीतरी वरचे सूरच छाटलेले. 'ग'ला मी शेवटचा नंबर दिला आणि खाली लिहिलं, 'मागे सतत गुणगुण, रेकॉर्डिंगच्या वेळची विजेची असावी.' ब्रिटनमध्ये वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची, म्हणून शंकाही आली नाही.

इतक्यात बाहेर शेजारच्या पोराने आरोळी ठोकली, "लाइट आली!" आणि 'ग'मधली गुणगुण बंद झाली.

ती माझ्या इन्व्हर्टरची होती. मधेच कधीतरी लाइट गेलेली, खोलीत कुणाच्या लक्षात नाही. 1932 सालच्या लंडनवर मी शहापूरचा दोष लावून मोकळा झालो होतो. कागद फाडला. सर काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

दुसऱ्या फेरीला मी फक्त शेवटची पाच मिनिटं घेतली. या सोनाट्याच्या दुसऱ्या भागात अगदी शेवटाकडे वरच्या सप्तकात लांबलचक ट्रिल सुरू होते, दोन शेजारचे सूर आलटून पालटून, अतिशय हळू आवाजात पण भरभर, आणि त्या थरथरीच्या सोबतीने मूळ धून परत येते. आवाज एवढा बारीक की तबकडीवर तो खरखरीच्या जवळजवळ आतच असतो. 'ग'मध्ये खरखर तेवढीच होती, पण ट्रिलचा दाणा न् दाणा तिच्यापलीकडे लागत होता. कान खरखरीच्या खाली बुडालेला सूरही धरून राहतो. 'ख'मध्ये ट्रिलच्या कडा पाणी लागल्यासारख्या, मधूनच चिमण्या चिवचिवल्याचा भास, आणि स्वर विरायच्या आधीच तोडलेले. साफ करणारं सॉफ्टवेअर एका रिकाम्या जागेचा आवाज नमुना म्हणून घेतं आणि पुढे त्याच्याइतकं बारीक जे जे दिसेल ते कचरा समजतं. स्वराचं शेपूट बारीकच असतं.

एक अडचण 'ग'मध्येही होती. एक बाजू साडेचार मिनिटांच्या आत संपायची, म्हणून हा भाग अनेक बाजूंवर तुटलेला. एका जोडाला खरखरीचा पोत बदलला आणि मला वाटलं, सूरही हलला. दुसरा भाग सी मेजरमध्ये, म्हणजे आपली पांढरी एक. सरांनी कोपऱ्यातली पेटी ओढली, भाता मारला, पांढरी एक धरली. श्नाबेल चढा. पांढरी एक आणि काळी एक यांच्या जवळजवळ मधोमध. मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी 80 ने फिरवली की एवढा फरक पडतो. कॉम्प्युटरवर त्या एका बाजूचा वेग उतरवला आणि पेटीशी पुन्हा ताडून पाहिला. बसला.

"हाच लावू," सर म्हणाले. "आलेल्यांना आधीच सांगतो, छत्र्या शोधू नका."

ते गेल्यावर मी 'ख'ची ट्रिल परत लावली, आणि पोटात काहीतरी ढवळलं. हा आवाज मी आधी ऐकला होता. इथेच, माझ्याच हातून झालेला. खानापूरकडच्या एका गावातली भजनाची कॅसेट, घरातले आजोबा गेल्यावर त्यांच्या मुलाने आणलेली. मी ती त्याच सॉफ्टवेअरने इतकी स्वच्छ केली होती की मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. त्या मुलाने सीडी ऐकून एवढंच विचारलं होतं, "टाळ असे का वाजतात हो, बादलीत बुडवल्यासारखे?" मी उत्तर दिलं होतं, जुनी कॅसेट आहे, एवढंच निघतं. सातशे रुपये घेतले होते.

माझ्याकडची मूळ फाइल मी जागेसाठी पुसून टाकलेली. नंबर वहीत सापडला. फोन लावला, कोण बोलतोय ते सांगितलं, आणि विचारलं, ती कॅसेट अजून आहे काय, टाळांचं काम माझ्याकडून चुकलं होतं, परत करून देतो, पैसे नकोत.

"आहे की. देवघरात ठेवलीया," तो म्हणाला. मग जरा थांबून, "खरं ती आता वल्ली झालीया हो. पावसात भिंत गळालीया."

मी म्हटलं, पुसू नका, उन्हात ठेवू नका, तशीच घेऊन या.