वठलेलं झाड, चौथा प्रयत्न

काल चौथं चित्र पूर्ण झालं, ए३ पेपर, चारकोल (चित्रकलेचा कोळसा) आणि शेवटी थोडी ६बी पेन्सिल. आधीच्या तिन्हींत झाड नुसतं मेलेलं दिसत होतं. मला हवं होतं वठूनही उभं राहिलेलं झाड, आणि हा फरक कागदावर नेमका कुठून येतो हेच महिनाभर शोधत होते.

सुरुवातीला मी झाडांच्या प्रतीकांची यादी धरून बसायचे, ओक म्हणजे ताकद, सायप्रस म्हणजे मृत्यू, पाइन म्हणजे दीर्घायुष्य. पण चारकोलमध्ये जरा लांबून बघितलं की झाड कुठलं ते कळतच नाही, दिसतो तो आकार आणि ते क्षितिजाच्या किती वर गेलंय ते. जर्मन चित्रकार फ्रीडरिशचं १८२२ चं 'एकाकी झाड' बघा, मधोमध ओक, खाली पानं आहेत, बुंध्याला टेकून मेंढपाळ उभा आहे, आणि वठलेला शेंडा डोंगररांगेच्या वर मोकळ्या आकाशात. मी त्याची पोस्टकार्डएवढी कॉपी केली आणि शेंडा मुद्दाम डोंगराच्या खाली आणून बघितला, तर सगळा अर्थच गेला, उरलं फक्त एक म्हातारं झाड.

दुसरा धडा डच चित्रकार राउस्डालच्या 'ज्यू दफनभूमी'तून मिळाला. तिथे कबरी, पडकी वास्तू, इंद्रधनुष्य आणि काळ्या ढगांपुढे वठलेलं फिकट झाड. म्हणजे मेलेलं झाड काळंच काढायला पाहिजे असं काही नाही! मग चौथ्यात बुंधा कागदाचा पांढराच ठेवला आणि मागचं आकाश गडद करत नेलं, बारीक फांद्या नीडेड इरेजर (कणकेसारखा मऊ खोडरबर) चिमटीत टोकदार करून आकाशातून उचलल्या, म्हणजे तिथला कोळसा टिपून काढला. विलो चारकोल (विलोच्या काड्यांचा मऊ कोळसा) छान उचलला जातो, पण मी घाईत दोन ठिकाणी कॉम्प्रेस्ड (दाबून घट्ट केलेला कोळसा) लावला होता, तो बोटाने घासल्यावर कागदाच्या दाण्यात असा बसला की तिथल्या फांद्या करड्याच राहिल्या. त्यामुळे कॉम्प्रेस्ड एकदम शेवटी, आणि जिथून काही उचलायचंय तिथे नाहीच.

आता पाचव्यात बुंध्याच्या तळाशी एक फुटवा दाखवायचा विचार आहे, पण तो लगेच आशेची पाटी लावल्यासारखा दिसेल अशी भीती वाटते. सध्या ट्रेसिंग पेपरवर तो वेगळा काढून चित्रावर सरकवून बघतेय. उजेडाच्या बाजूला फारच ठळक होतो, सावलीत मुळांजवळ ठेवला तर दुसऱ्यांदा बघितल्यावर दिसतो, बहुतेक तिथेच ठेवेन.