गुपचूप द्यायची गोळी, आणि बाकीचं

दारू कमी करायला किंवा सोडायला फार्मासिस्टची काय मदत होते, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. औषधांच्या काउंटरमागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न कधी ना कधी येतोच. विचारणारी व्यक्ती गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबते, मग आवाज खाली आणून म्हणते, "दारू सुटायची गोळी असते ना? त्याला न कळता जेवणातून देता येईल अशी?" ती बहुतेक वेळा बायको, आई नाहीतर बहीण असते. पिणारा स्वतः आला तर त्याचं म्हणणं निराळं असतं: "सोडायची नाहीये, जरा कमी करायची आहे. काही आहे का तुमच्याकडे?" आणि ओळखीपाळखीत मी फार्मासिस्ट आहे हे कळलं की तिसरा प्रश्न येतो. दारूच्या बाबतीत तुमचं काय काम? ते डॉक्टरांचं ना?

गोळीचं आधी सांगते, कारण त्यात धोका आहे. लोकांच्या मनात असते ती डायसल्फिराम. डेन्मार्कमधले हाल्ड आणि याकोबसेन हे दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून ती तपासत होते. स्वतः घेऊन बघितली, नंतर दारू घेतली आणि आजारी पडले. त्यातून 1948 साली ती दारू सोडवण्याचं औषध म्हणून पुढे आली. दारू शरीरात मोडताना मधल्या टप्प्यावर अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. एरवी लिव्हर त्याचा लगेच निकाल लावतं. डायसल्फिराम ते काम अडवते. मग चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. आधीच हृदयाचा त्रास असेल तर हे जिवावर बेतू शकतं.

आता ही गोळी एखाद्याला न सांगता घातली आणि तो नेहमीसारखा प्यायला बसला, तर काय होईल बघा. आपल्याला काय होतंय हे त्याला कळणार नाही, आणि दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनाही कळणार नाही. म्हणून या प्रश्नाला माझं उत्तर सरळ "नाही" असतं. चिठ्ठी नसेल तर नाहीच, आणि चोरून द्यायची असेल तर चिठ्ठी असूनही नाही. काही जणी रागावतात. त्यांचं दुःख खरं असतं, म्हणून वाद घालत नाही. डॉक्टरांना भेटायचं ठरलं तर पिणाऱ्याला कसं तयार करता येईल, यावर बोलते.

ज्याने समजून-उमजून डायसल्फिराम सुरू केली आहे, त्याला मात्र माझा उपयोग होतो. शेवटच्या पेगनंतर निदान 12 तास गेल्याशिवाय पहिली गोळी घ्यायची नाही. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे "आज गोळी चुकवतो, उद्या लग्नात बसतो" हा हिशेब चालत नाही. खोकल्याच्या काही औषधांत, माउथवॉशमध्ये, दाढीनंतरच्या लोशनमध्ये अल्कोहोल असतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणं हे माझं रोजचं काम आहे, ते मी करून देते. आणि एक अनुभवाची गोष्ट म्हणजे, ही गोळी घरच्या कुणासमोर, पिणाऱ्याच्या स्वतःच्या संमतीने रोज घेतली जाते तेव्हाच तिचा खरा उपयोग होतो. एकट्याने घ्यायची ठरवली की ती पाकिटातच राहते.

कमी करायची आहे म्हणणाऱ्यांसाठी दुसरी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा बोथट करते. अमेरिकेत तिला या कामासाठी 1994 मध्ये मान्यता मिळाली. अकॅम्प्रोसेट मुख्यतः ज्यांनी थांबवलं आहे त्यांना थांबून राहायला मदत करते. दोन्ही डॉक्टरांनी तपासून द्यायच्या. पण फार्मासिस्टचं लक्ष नेमकं कुठे लागतं ते इथे कळतं. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्याला दुसऱ्याच डॉक्टरांनी कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल लिहून दिलेलं असतं, किंवा घरात कोडीनचं खोकल्याचं औषध असतं. ही दोन्ही अफूच्या जातीची, आणि नाल्ट्रेक्सोन त्यांचा परिणाम अडवते. ज्याला त्यांची सवय लागली आहे त्याला नाल्ट्रेक्सोन घेताच जबरदस्त त्रास सुरू होतो. दोन डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही, मला दोन्ही दिसतात. अकॅम्प्रोसेटचं दुखणं वेगळं. नेहमीचा डोस दिवसातून तीन वेळा दोन-दोन गोळ्या, म्हणजे रोज सहा. दुपारच्या दोन हमखास राहतात. शिवाय ती मूत्रपिंडातून बाहेर पडते, म्हणून रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय मी ती हातात ठेवत नाही.

पण खरं सांगू? दारूसाठीची औषधं मागणारे थोडे. दारूमुळे लागणारी औषधं मागणारे कितीतरी जास्त. आमचं खरं काम तिथे आहे.

रोज रात्री अ‍ॅसिडिटीची गोळी नेणारा. तीन औषधं चालू असूनही रक्तदाब खाली न येणारा. "झोप येत नाही, काहीतरी हलकं द्या" म्हणणारा. सकाळी सकाळी डोकेदुखीची पट्टी मागणारा. लिव्हर टॉनिकची मोठी बाटली दर महिन्याला नेणारा, जणू तिने आदल्या रात्रीचं धुऊन निघणार आहे. (निघत नाही. पिणं चालू ठेवून लिव्हर वाचवणारं टॉनिक अजून कुणी बनवलेलं नाही.) यातला प्रत्येकजण दारू पितो असं अजिबात नाही. पण विचारायला हरकत नसते, आणि प्रश्न औषधाला धरून विचारला तर कुणाला टोचतही नाही. "तुम्ही दारू पिता का?" असं विचारलं की माणूस आखडतो. "ही गोळी दारूबरोबर चालत नाही, आठवड्यातून कितीदा घेणं होतं?" असं विचारलं की बहुतेकजण सांगतात.

आणि जे सांगायचं असतं तेही औषधाचंच असतं. झोपेची गोळी आणि दारू एकत्र आली तर दोघी मिळून श्वास मंदावतात. शिवाय दारूने झोप लवकर लागत असली तरी उत्तररात्री ती मोडते, म्हणजे ज्या दुखण्यावर गोळी हवी आहे त्याचं मूळ कदाचित ग्लासातच आहे. आयबुप्रोफेन आणि रोजची दारू ही जोडी पोटात रक्तस्राव करू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याने पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून आणि बेतानेच घ्यावं, कारण त्याच्या लिव्हरची ताकद आधीच कमी झालेली असते.

मधुमेहाचं थोडं सविस्तर सांगते, कारण हे फार थोड्यांना माहीत असतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस उपाशीपोटी प्यायला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. लिव्हर एरवी जी साखर तयार करून देतं, ते काम दारू थांबवते. आता साखर उतरलेल्या माणसाची लक्षणं कोणती? बोलणं अडखळतं, चाल डगमगते, घाम येतो, तो चिडचिड करतो. आजूबाजूचे म्हणतात, "चढलीये, झोपू दे." आणि तो झोपतो. हे मी साखरेच्या गोळ्या नेणाऱ्या प्रत्येक पिणाऱ्याला सांगते, सोबत कुणी असेल तर त्यांनाही. यानंतर "निदान उपाशीपोटी नाही, आणि एकच" इथवर बरेच जण येतात. कमी करण्याची सुरुवात अशीही होते.

मग मेट्रोनिडाझोल. जुलाबासाठी, दातासाठी ही गोळी सारखी दिली जाते. तिच्यासोबत दारू टाळायची, आणि कोर्स संपल्यावरही दोन ते तीन दिवस टाळायची, असं पत्रकात असतं. मी विचारते, "आठवडाभर जमेल ना?" उत्तराकडे माझं बारीक लक्ष असतं. "हो, काय त्यात" म्हणणाऱ्याला सांगते की मग कोर्स संपल्यावर अजून एक आठवडा बघा की. पण एखादा गप्प होतो. किंवा म्हणतो, "सकाळी थोडी घेतल्याशिवाय हात थरथरतात." त्याला "बंद करा" म्हणणं हा सल्ला नाही, धोका आहे.

पिणं कमी करणं सगळ्यांसाठी चांगलंच, पण एकदम बंद करणं सगळ्यांसाठी सुरक्षित नाही. ज्याचं शरीर दारूवर अवलंबून झालं आहे, त्याने अचानक थांबवलं तर काही तासांत थरथर, घाम, घबराट सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसू लागतं, ताप चढतो, आणि उपचार नसतील तर यात मृत्यूही होतो. घरचे मोठ्या निर्धाराने त्याला खोलीत कोंडतात, बाटल्या ओतून देतात, आणि तिसऱ्या दिवशी धावाधाव होते. म्हणून हात थरथरणारा, सकाळी उठल्या उठल्या दारू लागणारा, आधी कधी फिट आलेला माणूस समोर असेल, तर माझं काम एकच: आहे तेवढं चालू ठेवून आजच डॉक्टर गाठायला लावणं. तिथे ठरावीक दिवसांसाठी उतरत्या मात्रेची औषधं देतात, आणि मेंदू वाचवण्यासाठी थायमिन, म्हणजे बी-1. ती उतरत्या मात्रेची औषधं रोज त्या दिवसापुरतीच आमच्याकडून नेण्याची सोय डॉक्टरांशी बोलून करता येते. एकदम सगळी पट्टी घरात गेली तर काय होतं, ते सांगायला नको.

बाकीच्यांसाठी, म्हणजे बहुसंख्यांसाठी, सगळ्यात उपयोगी पडतो तो हिशेब. "मी फक्त बिअर घेतो" हे वाक्य रोज ऐकू येतं. बाटलीवर टक्के लिहिलेले असतात. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले 100, आणि त्याला 0.8 ने गुणायचं, की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम निघतात. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरचे 500 मिली म्हणजे 32 ग्रॅम. 40 टक्क्यांच्या व्हिस्कीचा 60 मिलीचा मोठा पेग म्हणजे 19. आकडा कागदावर लिहून दाखवला की समोरचा स्वतःच पुन्हा गुणाकार करून बघतो. ग्रॅममध्येच मोजा असं मी मुद्दाम सांगते, कारण ब्रिटनमध्ये एक युनिट 8 ग्रॅमचं, अमेरिकेत एक ड्रिंक 14 ग्रॅमचं, आणि पिण्याची सवय तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही प्रश्नावली एका ड्रिंकचे 10 ग्रॅम धरते. मोबाइलमधलं अ‍ॅप यातलं कुठलं धरतं ते बघितल्याशिवाय त्याचा सल्ला घेऊ नये. ऑडिटमध्ये दहा प्रश्न आहेत, गुण 40 पैकी. 8 किंवा जास्त आले तर पिणं काळजीच्या हद्दीत गेलं असं धरतात. पहिले तीन प्रश्न, म्हणजे किती वेळा, एका वेळी किती, आणि एकदम भरपूर किती वेळा, एवढेही काउंटरवर पुरतात.

आता कुणी म्हणेल, या गप्पांनी खरंच कमी होते का? प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचं आहे. लंडनच्या एका भागातल्या 16 औषध दुकानांत 400 हून जास्त ग्राहकांवर झालेला प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांशी फार्मासिस्टने साधारण दहा मिनिटं दारूविषयी बोलायचं, उरलेल्यांना नुसतं पत्रक द्यायचं. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे वाचून आमच्यातले काही खट्टू झाले. मला त्यात नवल वाटलं नाही. एकदाच, वेगळं बसवून दारूवर बोलणं म्हणजे शेवटी छोटं प्रवचनच. माझा भर आहे तो परत परत येणाऱ्या माणसावर. रक्तदाबाची गोळी संपली की तो येतोच. मागच्या वेळी "आठवड्यातले तीन दिवस कोरडे ठेवतो" म्हणाला होता. मी विचारते, "किती जमले?" दोन म्हणाला तर दोन. रक्तदाब मोजते, आकडा मागच्या शेजारी लिहिते. पिणं खरोखर उतरलं असेल तर काही आठवड्यांत तो आकडाही बहुधा उतरतो, आणि स्वतःचा उतरलेला आकडा माणूस माझ्या बोलण्यापेक्षा जास्त मानतो. या पद्धतीवर मोठा प्रयोग मी केलेला नाही. हे माझं मत आहे, आणि तसंच ते घ्यावं.

राहता राहिली घरच्यांची गोष्ट. कधी कधी कुणीतरी येऊन विचारतं, "तो तुमच्याशी काय बोलला? गोळ्या नेतोय ना?" मी सांगत नाही. बायकोलाही नाही, आईलाही नाही. तो स्वतः सोबत घेऊन आला, किंवा मला तसं सांगून ठेवलं असेल, तर गोष्ट वेगळी. जिवाला धोका दिसत असेल तर तेही वेगळं. एरवी एवढंच म्हणते की त्यालाच विचारा, आणि तुम्हाला स्वतःबद्दल काही बोलायचं असेल तर मी आहे. पिणाऱ्याच्या घरात झोप त्याच्या एकट्याचीच उडालेली नसते. रक्तदाब त्यांचाही मोजते, तिथेच, त्याच खुर्चीवर.