ब्रेकलाइट पेटेना, नाव मात्र एबीएसचं

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला एक स्कूटरवाले काका शेजारी येऊन काचेवर टकटक करत म्हणाले, "तुमचा ब्रेकलाइट पेटतच नाही की ओ! आत्ता ठोकलो असतो." डॅशवर इंजिनचा पिवळा दिवा दोन दिवस लागलेला होता, मी तो मे महिन्याच्या उन्हाच्या खात्यावर टाकला होता.

गॅरेजमध्ये सांगितलं, एबीएसचं (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिट गेलंय. खर्चाचा आकडा ऐकून गाडी तशीच घरी आणली. एबीएसचा दिवा तर लागलेलाच नव्हता!

होटगी रोडच्या मेहुण्याकडे गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा स्कॅनर होता. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात लावला, कोड आला पी०५०४. म्हणजे ब्रेक पेडलपाशी असणाऱ्या स्विचच्या दोन सिग्नलांचा आपसात मेळ नाही. या स्विचमध्ये दोन कॉन्टॅक्ट असतात. पेडल दाबलं की एक जुळून दिवे लावतो, दुसरा त्याच वेळी सुटतो. कंप्युटर दोघांच्या साक्षी ताडून बघतो. माझ्याकडे एक म्हणत होता पाय ब्रेकवर आहे, दुसरा म्हणत होता नाही.

बल्बवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. डावा, उजवा आणि मागच्या काचेतला, तिन्ही एकदम कसे उडतील? फ्यूजही शाबूत. सकाळी सातलाच, ऊन तापायच्या आत, पेडलखाली डोकं घातलं (पाय सीटच्या पाठीवर, बायकोनं फोटो काढलाय). स्विचचा कपलर (वायरींचा जोड) न काढता मागूनच मल्टिमीटरचं टोक टेकवलं. येणाऱ्या वायरवर १२.४ व्होल्ट. मेहुण्यानं हातानं पेडल दाबलं, तर जाणाऱ्या वायरवर कधी ५, कधी ७, कधी शून्य. कॉन्टॅक्ट काजळले होते. कपलर काढून मोजलं असतं तर फसलो असतो. बल्बचा लोड नसला की काजळलेला कॉन्टॅक्टही पुरे व्होल्ट दाखवू शकतो.

नवा स्विच बसवला, तर आता दिवे विझेनात! पेडल सोडल्यावर स्विचची दांडी पुरती आत जात नव्हती. चेकनट (स्विच जागी आवळून धरणारा नट) सैल करून स्विच पेडलकडे सरकवला, पण चतकोर चतकोर आटा फिरवत. जास्त पुढे गेला तर पेडल किंचित दाबलेलंच राहतं आणि ब्रेक घासत बसतात. तीन खेपा लागल्या.

कोड पुसला आणि रविवारी तुळजापूरला निघालो. मेहुणा मुद्दाम बाइकवर मागे. घाट चढून थांबल्यावर म्हणाला, "पंधरा वेळा दाबलास, पंधराही वेळा पेटला. आता चहा पाज."