तीन सेल की चार? उसात पडलेल्या विमानाचा निकाल

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, सनबोर्डच्या (फोमच्या शीटच्या) ट्रेनरला, म्हणजे शिकाऊ रिमोटच्या विमानाला, तीन सेलऐवजी चार सेलचा लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) लावून बघतो. लावला. दोन उड्डाणं झकास झाली, तिसऱ्यात विमान उभ्या उसात गेलं. ते कसं गेलं तेच आज लिहितो.

सामान जुनंच. पंख १२० सेंटीमीटर, मोटर १००० केव्ही (म्हणजे व्होल्टमागं मिनिटाला १००० फेऱ्या), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ३० अँपिअरचा, विमानाच्या पट्ट्या हलवणारे ९ ग्रॅमचे चार सर्व्हो. तीन सेलवर १० इंची प्रॉपला (पुढच्या पंख्याला) वॉटमीटर फुल थ्रॉटलवर १६ अँपिअर दाखवायचा. त्याच प्रॉपवर चार सेल जोडले तर व्होल्टेज एक तृतीयांशानं वाढतं, पण करंट वर्गाच्या हिशोबानं, म्हणजे पावणेदोन पटीकडं जातो. मोटर भाजलीच असती. तेवढी अक्कल होती, म्हणून प्रॉप ८ इंची केला. मीटरवर १५ अँपिअर. मोटर हाताला कोमट. म्हटलं, जमलं!

चुकलो ते इथंच. सगळं लक्ष मोटरवर, आणि रिसीव्हर-सर्व्होला ५ व्होल्ट देणारा ईएससीतला बेक मी विसरलो. माझा बेक लिनिअर, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज तो निव्वळ उष्णता करून उडवतो. भरलेले तीन सेल १२.६ व्होल्ट, म्हणजे ७.६ उडवायचे. भरलेले चार सेल १६.८, म्हणजे ११.८. चार सर्व्हो मिळून सरासरी ०.८ अँपिअर धरले, तरी ६ वॉटचे साडेनऊ वॉट झाले. नखाएवढ्या चिपवर, तेही सनबोर्डच्या बंद पोटात.

हरिपूरच्या अलीकडं तोड झालेलं एक रान आहे, तिथं आम्ही उडवतो. त्या दिवशी वारा होता, स्टिक सारखी हलवावी लागत होती. चौथ्या मिनिटाला डाव्या वळणात मोटर गप्प, सर्व्हो गप्प, आणि विमान नाक खाली घालून शेजारच्या उसात.

ऊस डोक्याच्या वर, पाती ब्लेडसारखी. अर्धा तास कोपरं कापून घेतली. रानाचे मालक बांधावरून म्हणाले, “पाव्हणं, इमान हुडकताय व्हय? हितं कायतर किरकिरतंय बघा.” बेक थंड होऊन परत सुरू झाला होता, आणि मी एलरॉनची (पंखावरच्या हलत्या पट्ट्यांची) स्टिक हलवली की सर्व्होचा चर्र आवाज यायचा. काकांचे कान माझ्यापेक्षा तिखट. पंख मधोमध मोडलेला, ईएससीचं प्लास्टिक आक्रसलेलं आणि खालचा सनबोर्ड वितळून खळगा पडलेला.

मिरजेच्या मित्रानं फोनवर तोडगा दिला, “बेक सोड की, रिसीव्हरला दोन सेलचा लिपो थेट लाव.” माझं उत्तर, नको. भरलेले दोन सेल म्हणजे ८.४ व्होल्ट, आणि माझ्या सर्व्होंची हद्द ४.८ ते ६. हाय-व्होल्टेज सर्व्हो असते तर गोष्ट वेगळी. त्याऐवजी ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्विचिंग यूबेक (ईएससीबाहेरचा वेगळा बेक) बसवला. तो जास्तीचं व्होल्टेज जाळत बसत नाही, त्यामुळं गरमही फारसा होत नाही. ईएससीकडून रिसीव्हरला जाणाऱ्या प्लगमधली लाल वायरची पिन सुईनं उचलून बाहेर काढली आणि टेप मारला. दोन बेक एकमेकांच्या अंगावर नकोत. काळी वायर मात्र ठेवायची, नाहीतर सिग्नलला ग्राउंड राहत नाही.

सेल मोजून घेणाऱ्या ईएससीचं आणखी एक. उतरलेला चार सेलचा पॅक १२.६ वर आला असला तर त्याला तो भरलेला तीन सेलचा वाटतो आणि कट-ऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरू नये म्हणून मोटर बंद करायची पातळी, तीन सेलच्या हिशोबानं फार खाली लागते. मग पॅक फुगणारच. जोडल्यावर बीप मोजायचे: चार सेलला चार. घाईत मी कधी मोजत नव्हतो, आता मोजतो.

सध्या तरी परत तीन सेल आणि १० इंची प्रॉप. या ट्रेनरला सावकाश उडायचंय, मोठा प्रॉप कमी फेऱ्यांत जास्त ओढतो, आणि चौथ्या सेलचं वजन नाकावर येत होतं ते वेगळंच. चार सेलचा पॅक प्रत्येक सेल ३.८ वर आणून डब्यात ठेवलाय. पंखाला बांबूची काडी आणि फायबर टेप लावून झालं. रविवारी वारा पडलेला असला तर पहिलं उड्डाण, फक्त पाच मिनिटांचं, आणि उतरल्या उतरल्या यूबेकला बोट लावून बघणार.