उट्रेख्तमध्ये सायकल घेताना आधी मडगार्ड बघा

दरवर्षी उन्हाळा सरत आला की इथे, नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात, शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. खोली कुठे बघू, तूरडाळ मिळते का, आणि मग सायकल कुठली घेऊ. सोबत बहुतेकदा एक फोटो असतो: जाड टायर, २१ गीअर, मॅट काळा रंग. माझं उत्तर ठरलेलं आहे. मागच्या चाकावर मडगार्ड दिसतंय का बघ. नसेल तर पुढची सायकल बघ.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण त्यातल्या बहुतेक सायकली दिसायला किती बाळबोध असतात, हे इथे आल्यावरच कळतं. ताठ बसायचं, हँडल अंगाकडे वळलेलं, पुढेमागे मडगार्ड, चेनवर पूर्ण झाकण, कॅरिअर, स्टँड, घंटी, दिवे आणि मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं कुलूप. हे सगळं दुकानातूनच लागून येतं, वेगळे पैसे मोजून बसवावं लागत नाही. आजोबांची काळी सायकल आठवते? तीच जात. दोन्हींचं मूळ जुन्या इंग्रजी रोडस्टरमध्ये, म्हणजे ताठ बसून चालवायच्या साध्या सायकलीत, आहे. इतकं की इथल्या साध्या सायकलीच्या ट्यूबला अजूनही आपल्याकडचाच व्हॉल्व्ह असतो. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा तिथेही अशाच सायकली धावत होत्या. मग गीअरच्या सायकली आल्या आणि मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर सगळं ‘ॲक्सेसरीज’ या सदरात गेलं. व्यायामाला ठीक आहे. ऑफिसला जायचं तर तेच आधी लागतं.

कारण इथे सायकलसाठी कोणी कपडे बदलत नाही. ज्या कपड्यांत मीटिंगला बसायचं त्याच कपड्यांत सायकलवर बसायचं. चेनचं झाकण अर्धवट असेल तर पँटचा पायचा काळा होतो. लांब कोट असेल तर मागच्या चाकात जाऊ नये म्हणून चाकाच्या दोन्ही बाजूंना पडदे लावलेले असतात, तेही बघून घ्या. ओढणीवाल्यांनी तर नक्कीच. पूर्ण झाकणाचा आणखी एक फायदा म्हणजे चेनला पाऊस लागत नाही आणि तिच्याकडे महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. तोटाही आहे. मागचं चाक काढणं ही एक शिक्षा होऊन बसते. म्हणून इथले लोक चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढून पंक्चर काढतात, अगदी आपल्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्यासारखं. दुकानात गेलात तर एका पंक्चरचे सहज १५-२० युरो जातात. त्यामुळे टायर घेताना आतून पंक्चररोधक थर असलेला घ्यावा, थोडा जड असला तरी.

आता गीअर. देश सपाट, मग गीअर कशाला? वाऱ्यासाठी. मी राहते लाइडशे राइनला, शहराच्या पश्चिमेला. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे सकाळी कामावर जाताना पाठीवर आणि संध्याकाळी दमून परतताना तोंडावर. वाटेत ॲम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालव्यावरचा डाफ्ने स्खिपर्स पूल लागतो. २०१७ साली खास सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेला हा पूल. शहराच्या बाजूचा त्याचा चढ चक्क एका शाळेच्या छतावरून वळसा घेत जातो. फोटोत फार सुंदर दिसतो. नोव्हेंबरात त्या चढावर समोरून वारा आला की कुठला गीअर आपल्याकडे नाही ते समजतं.

पण २१ नकोत. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यात, बंद असलेले ३, ७ किंवा ८ गीअर घ्या. हे उभ्या उभ्या बदलता येतात. बाहेर चकत्या असलेल्या गीअरला पायडल फिरत असावं लागतं. सिग्नलला अचानक थांबलात की जड गीअरमध्येच अडकता आणि सुटताना सायकल डुलते. हबच्या गीअरला नुसती मूठ फिरवायची, हिरवा दिवा लागला की हलकेच सुटायचं. शिवाय पाऊस, चिखल, मीठ यांपैकी काही आत जात नाही. हिवाळ्यात इथे सायकलच्या रस्त्यांवरही मीठ टाकतात आणि उघड्या चेनची त्यात माती होते.

ब्रेकची गंमत वेगळीच. बऱ्याच जुन्या आणि स्वस्त सायकलींना पायाचा ब्रेक असतो, पायडल उलटं दाबलं की सायकल थांबते. आपल्याला सवय असते थांबल्यावर पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणायची. इथे ते फिरतच नाही! मग सायकल जरा पुढे ढकलायची किंवा मागचं चाक उचलून पायडल वर आणायचं, तोवर मागून घंट्या वाजू लागतात. पाच-सात दिवसांत पायाला समजतं. एका हातात छत्री धरून जाणाऱ्या आज्यांना हाच ब्रेक आवडतो. मी मात्र नवख्याला हाताचे दोन्ही ब्रेक असलेलीच घ्यायला सांगते.

दिव्यांबाबत हयगय नको. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. म्हणजे ऑफिसला जाणंही अंधारात आणि येणंही. पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल दिवा हा कायदा आहे, नसेल तर दंड. चिमट्याने लावायचे छोटे दिवे चालतात, पण ते विसरतात, संपतात, चोरीला जातात. पुढच्या चाकाच्या हबमधला डायनॅमो घेतला की विषय संपला. टायरला घासून घरघरणारा आपला बाटलीसारखा डायनॅमो डोळ्यांसमोर आणू नका, याचा आवाजही येत नाही आणि पायाला जडही वाटत नाही. सिग्नलला थांबल्यावरही काही मिनिटं जळत राहणारा मागचा दिवा मिळाला तर उत्तम.

कुलूप दोन प्रकारचं लागतं. चाकातलं गोल कुलूप अंगठ्याने खाली दाबलं की त्याचा दांडा तारांमधून आरपार जातो, आणि ते लागल्याशिवाय किल्ली निघत नाही. दोन मिनिटं ब्रेड आणायला गेलात तर एवढं पुरतं. रात्रभरासाठी साखळी हवी, एखाद्या खांबाला. काही कुलपांत साखळीचं टोक त्याच कुलपाच्या भोकात बसतं, म्हणजे किल्ली एकच. दोन्ही मूळ किल्ल्या जपून ठेवा, विम्याचे पैसे मागताना त्या दाखवाव्या लागतात.

स्टेशनवर रोज सायकल लावणार असाल तर पुढे रुंद क्रेट असलेली सायकल घेताना विचार करा. उट्रेख्त स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींची जागा आहे, जगातली सर्वांत मोठी, आणि पहिले २४ तास फुकट. पण तिथले रॅक दुमजली. रुंद हँडल-क्रेटवाल्या सायकलींसाठी वेगळी जागा असते ती लवकर भरते, आणि वरच्या मजल्याचा सरकता रूळ खाली ओढून त्यावर वीस किलोंची सायकल चढवणं हा सकाळी सकाळी नको असलेला व्यायाम.

उंचीचं बोलायला हवं. डच माणूस उंच, त्यामुळे पुरुषांच्या फ्रेम आपल्यातल्या पुष्कळांना मोठ्या होतात. सव्वापाच फूट उंचीच्या मुलांनी सरळ खालच्या दांड्याची, आपण ज्याला लेडीज म्हणतो ती सायकल घ्यावी. इथे मागे मुलाला बसवून शाळेत सोडणारे बाबा तीच चालवतात आणि कुणाची मान वळत नाही. आपली मुलंच फोटो घरी पाठवताना लाजतात.

दीडदोनशे युरोंत वापरलेली, धड सायकल दुकानात मिळते. रस्त्यात कोणी वीस-तीस युरोंना देऊ केली तर ती चोरीची समजा. घेणाराही गुन्हेगार ठरतो. फ्रेमचा नंबर पोलिसांच्या साइटवर तपासता येतो, तेवढं करा.

आणि पुण्या-मुंबईत ऑफिससाठी सायकल घेणाऱ्यांनी दुकानात एवढंच बघावं: मागच्या चाकाच्या नटाजवळ आणि सीटखाली, फ्रेमला स्क्रूची भोकं आहेत का. असतील तर मडगार्ड आणि कॅरिअर नंतरही नीट बसतात. नसतील तर चिमट्याचं मडगार्ड पहिल्या पावसात वाकडं होतं आणि शर्टाच्या पाठीवर चिखलाची रेघ उमटते.