लोणंद ते फलटण: पायाखालची माती

माउलींच्या पालखीचा लोणंदचा मुक्काम हलला की चांदोबाच्या लिंबापर्यंत सगळ्यांना उभ्या रिंगणाची ओढ असते. आमची नजर मात्र कडेच्या रानांकडे वळत राहिली. गावाची शेवटची घरं मागे पडली की दगडी पोल, चुन्याच्या रेघा, मुरमाचे रस्ते आणि 'प्लॉट विकणे आहे'चे फलक सुरू होतात. घर अजून एकही उभं नाही, पण जमीन बिघडून बसलेली.

नुकसान बांधकामाच्या आधीच होतं. सहा मीटर रुंद, शंभर मीटर लांब रस्त्यावर पंधरा सेंटीमीटर मुरूम म्हणजे 90 घनमीटर, जवळपास 32 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). तो कुठल्या तरी डोंगराची कड कापून येतो आणि इथे सुपीक थरावरच पसरला जातो. वरची माती आधी काढून ठेवायला हवी, ती कुणी काढत नाही. काही ठिकाणी काढतात, पण वीटभट्टीसाठी. एका गुंठ्यातली सहा इंच माती 9×4×3 इंचाच्या साडेआठ हजारांवर विटांना पुरते. तो थर परत तयार व्हायला शतकं लागतात.

तरडगावला दिंड्यांच्या राहुट्या रानातच पडतात. हजारो पावलांनी वरची दोन-तीन इंच माती दबते, ती वापशावर, म्हणजे मातीत बेताची ओल असताना, एका नांगरटीत मोकळी होते. भरलेल्या डंपरचं ओझं खोल जातं. ओल्या काळ्या रानात तो फिरला की फूटभर खाली कडक थर धरतो. ओळखायला सोपं आहे: वापसा असताना दहा मिलीमीटरची सळई हाताने दाबा. सगळीकडे ती एकाच खोलीवर अडली आणि खाली खडक नसला, तर तोच तो थर. मुळं तिथे आडवी पसरतात, पाणी वरच तुंबतं.

सगळ्यात वाईट हाल शेजारच्या शेतकऱ्याचे. एका एकरावर 25 मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. नांगरलेलं रान त्यातलं बरंच पिऊन घेतं, दबलेला प्लॉट ते खालच्या बांधावर ढकलतो. त्यात ओघळ बुजवून नऊ इंची पाइप टाकलेला असतो. पहिल्याच जोरदार पावसात पालापाचोळा आणि प्लास्टिकने तो तुंबतो. फलटणच्या बाजूला नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे. निचरा अडला की रान चिबडतं, म्हणजे कायम पाणथळ राहतं, मग पांढरे क्षार वर येतात. निचऱ्याचा चर मोकळा केल्याशिवाय तिथे जमीन सुधारायला जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

प्लॉट पाडणाऱ्याला एवढं तरी करता येतं. मुरूम टाकण्याआधी वरची वीस सेंटीमीटर माती काढावी, ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको, त्यावर धैंचा हे हिरवळीचं पीक पेरावं. ओघळाच्या मूळ रुंदीची मोरी बांधावी. रोलर फक्त रस्त्यावर फिरवावा. दबलेलं रान पुन्हा कसायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये, जमीन पूर्ण कोरडी असताना, कडक थराच्या थोडं खालपर्यंत सबसॉयलर, म्हणजे खोल जाणारा ट्रॅक्टरचा फाळ, घालावा. ओल्यात घातला तर माती फुटत नाही, नुसती चिरली जाते. पावसावर ताग पेरून फुलोऱ्याच्या आत गाडावा. एका वर्षात काम भागत नाही.

फलटणच्या वेशीजवळ अशाच एका रिकाम्या प्लॉटमध्ये पाणी साचलं होतं. पोलांच्या मधून काँग्रेस गवत कंबरेएवढं वाढलेलं. लगतच्या उसाच्या कडेच्या चार सऱ्या पिवळ्या पडल्या होत्या.